2147483647 ही मूळ संख्या आहे हे संगणकाशिवाय कसं ठरवलं?

ही संख्या म्हणजे 2 चा 31 वा घात वजा 1. ती मूळ असल्याचं गणितज्ञ लेओनार्ड ऑयलरने 1772 मध्ये दाखवलं. तेव्हा त्याची दृष्टी जवळजवळ गेली होती, म्हणून मला हे काम फारच थोर वाटतं.

साधा मार्ग असा: संख्येच्या वर्गमूळापर्यंतच्या, म्हणजे 46340 पर्यंतच्या, प्रत्येक मूळ संख्येने भागून बघायचं. हे साडेचार हजारांहून जास्त भागाकार झाले. खरी गंमत पुढे आहे. घातांक 31 हा स्वतः मूळ आहे, त्यामुळे या संख्येचा कोणताही मूळ विभाजक 62 ने भागला तर बाकी 1 च उरायला हवी. शिवाय त्याला 8 ने भागल्यावर बाकी 1 किंवा 7 च येऊ शकते. दोन्ही अटी एकत्र केल्या की 248 ने भागल्यावर 1 किंवा 63 बाकी देणाऱ्या संख्याच उरतात. 46340 पर्यंत अशा फक्त 373 आहेत. त्यातल्याही 63, 249 अशा मूळ नसलेल्या वगळायच्या. उरलेल्यांपैकी एकानेही भाग जात नाही, म्हणजे संख्या मूळ.

हिला 2 च्या 30 व्या घाताने गुणलं की 2305843008139952128 ही परिपूर्ण संख्या मिळते: स्वतःला सोडून बाकीच्या सगळ्या विभाजकांची बेरीज तेवढीच.

प्रोग्रामिंग करणाऱ्यांना 2147483647 वेगळ्या कारणाने माहीत असते. द्विमान पद्धतीत ती म्हणजे ओळीने 31 एकं, म्हणून 32 बिटांच्या चिन्हांकित पूर्णांकाची (ज्यात एक बिट अधिक-उणे चिन्हासाठी जातो) कमाल मर्यादा हीच.