नागपूरच्या फुटाळा तलावावरचा सूर्यास्त तैलरंगात करायचा आहे. १२ बाय १६ इंचांचा कॅनव्हास आणलाय. रचना आधी ठरवावी की जागेवर बसून थेट रंगवावं?

कॅनव्हासचं प्लास्टिक अजून फाडू नका. एखाद्या लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर ३ बाय ४ च्या सहा-सात छोट्या चौकटी आखा. प्रमाण तेच हवं. चौरसात जमवलेलं चित्र कॅनव्हासवर नेलं, की दोन्ही बाजूंना न ठरवलेलं पाणी उरतं.

मग सूर्य मावळायच्या तासभर आधी चौपाटीवर जा आणि डोळे बारीक करून बघा. कणसवाले, सेल्फीवाले सगळे विरघळतात. उरतात तीन डाग: आभाळ, पलीकडच्या झाडांचा गडद पट्टा आणि पाणी. तेवढेच पेन्सिलीनं भरा, एका चौकटीला दोन मिनिटं. खरी मारामारी त्या पट्ट्याची असते. वर सरकवला तर चित्र पाण्याचं होतं, खाली ओढला तर आभाळाचं.

मी पहिल्या खेपेला तो बरोब्बर मधोमध ठेवला, वर सूर्यही मधोमध! लक्षात आलं तेव्हा जाड रंग चढला होता. आळसानं तो खरवडला नाही, वरूनच आभाळ रंगवलं. आजही ट्यूबलाइटचा उजेड तिरपा पडला की त्या आभाळात जुन्या झाडांचे उंचवटे दिसतात.

इंग्लिश निसर्गचित्रकार जॉन कॉन्स्टेबलनं १८२१ च्या ‘द हे वेन’ या चित्रासाठी आधी त्याच मापाचं, सहा फुटी कच्चं चित्र केलं होतं. त्यात काठावर एक घोडेस्वार आहे, पक्क्या चित्रात तो दिसत नाही. तुमच्या चित्रातून कोणाला काढायचं तेही चौकटीतच ठरवा. मी तळ्यातलं कारंज्याचं सामान गाळतो.

पसंत पडलेली चौकट कॅनव्हासवर नेताना बर्न्ट अंबर हा गडद तपकिरी रंग टर्पेंटाइनमध्ये कोऱ्या चहाइतका पातळ करा आणि आधी गडद भाग भरा. चुकलं तर चिंधीनं पुसता येतं. तेल वरच्या थरांत वाढवत न्या. खाली तेलकट आणि वर पातळ झालं तर पुढे भेगा पडतात. झाडांचं प्रतिबिंब झाडांपेक्षा किंचित उजळ ठेवा.

थेट जागेवर रंगवायचं म्हणाल, तर उजेड वीस मिनिटंही थांबत नाही. मी तिथे फक्त चौकटी काढतो, शेजारी रंगांची नावं लिहितो आणि घरी येऊन रंगवतो. सूर्य तर हल्ली दाखवतच नाही. तो झाडांमागे गेल्यावरची दहा मिनिटं घेतो.