सिएनाची झाकलेली फरशी

प्रश्न : इटलीतल्या सिएनाच्या कॅथेड्रलमधली चित्रांची फरशी बघायला मार्चमध्ये गेलो, तर बहुतेक भाग फळ्यांखाली झाकलेला. असं का? आणि दगडात ही चित्रं काढली कशी?

उत्तर : बारमाही उघडी ठेवली तर पर्यटकांच्या पायांखाली ती झिजून जाईल. एकूण ५६ चित्रं, १४व्या शतकाच्या उत्तरार्धापासून १६व्या शतकाच्या मध्यापर्यंत घडवलेली. जुनी पद्धत अशी : पांढऱ्या संगमरवराच्या लादीवर रेघा छिन्नीने आणि गिरमिटाने कोरायच्या नि खाचांत काळी राळ भरायची. झीज होते ती इथेच. आधी राळ निघते, मग उथळ रेघा पुसट होतात. कपड्याच्या चुण्या, चेहरे जातात आणि उरते नुसती पांढरी लादी. त्यामुळे सर्वात जुन्या चित्रांपैकी काही आज १९व्या शतकात नव्याने केलेली आहेत.

पुढे रंगीत संगमरवराचे तुकडे आकारात कापून एकमेकांत बसवायला सुरुवात झाली. चित्रकार दोमेनिको बेक्काफुमीने हे काम पार टोकाला नेलं. पांढऱ्या, करड्या, काळ्या दगडांच्या छटा शेजारी शेजारी जोडून त्याने उजेड-सावली साधली. बायबलमधला मोझेस खडकातून पाणी काढतो ते त्याचं १५२५चं चित्र वेळ देऊन बघा, घाई करू नका. चित्रकार पिंतुरिक्कियोच्या १५०५च्या ‘ज्ञानाच्या टेकडी’ या फरशीवरच्या चित्रात क्रेटीस हा तत्त्वज्ञ टोपलीभर दागिने समुद्रात ओततो आहे, तेवढा कोपरा तरी चुकवू नये.

फरशी साधारणपणे उन्हाळ्यात नि शरद ऋतूच्या सुरुवातीला काही आठवडे उघडतात. तारखा दरवर्षी बदलतात, तेव्हा विमानाचं तिकीट काढण्याआधी कॅथेड्रलच्या संकेतस्थळावर खात्री करून घ्या.

प्रश्न : कॅथेड्रलशेजारी छत नसलेली एक प्रचंड भिंत एकटीच उभी आहे. ती कसली?

उत्तर : अपुऱ्या राहिलेल्या नव्या कॅथेड्रलची दर्शनी भिंत. १३३९ साली सिएनाने ठरवलं की आहे ते कॅथेड्रल नव्या इमारतीची फक्त आडवी बाजू होईल आणि मुख्य दालन नव्याने बांधायचं. काम लांदो दी प्येत्रोकडे होतं. तो वर्षभरात वारला आणि जोवान्नी दागोस्तिनोने ते पुढे नेलं. १३४८च्या प्लेगने शहर ओस पडलं, म्हणून काम थांबलं, असं सर्रास सांगतात. ते अर्धंच खरं. खांबांना वरचा भार पेलत नव्हता. तज्ज्ञांनी धोका दाखवल्यावर १३५७ साली बांधलेला बराच भाग उतरवावा लागला. प्लेग आला नसता तरी या खांबांवर ते दालन उभं राहिलं असतं, असं वाटत नाही.

बाजूच्या दालनाचे उरलेले गाळे बुजवून आता तिथे संग्रहालय केलं आहे. चित्रकार दूच्चोची ‘माएस्ता’, म्हणजे सिंहासनावरच्या मेरीचं वेदीचित्र, तिथेच आहे. १३११ साली ती मिरवणुकीने कॅथेड्रलमध्ये आणली होती. १७७१ साली करवतीने कापून पुढची नि मागची बाजू वेगळी केली. दोन्हीकडे रंगवलेली होती, म्हणून मागची बाजूही न विसरता बघा.