सायकोसिस (भास होणं, खोटे संशय येणं, वास्तवाचं भान सुटणं) येऊन गेलेल्या माणसाला पुढे चांगलं आयुष्य जगता येतं का?

हो, येतं. पण भास थांबले म्हणजे सगळं पूर्ववत झालं, असं घरच्यांनी धरून चालू नये. भास आणि संशय औषधाने बहुधा काही आठवड्यांत ओसरतात. मागे उरतो तो निरुत्साह, लक्ष न लागणं, माणसं टाळणं. त्याला आळस म्हणून टोचून बोलू नका, कृपा करून. तो आजाराचाच भाग आहे आणि त्यावर गोळ्यांचा फारसा उपयोग होत नाही. ठरलेला दिनक्रम आणि काम यांचा होतो. पूर्ण बरं होण्याची वाट बघत बसण्यापेक्षा, कोणाच्या तरी आधाराने कमी तासांची खरी, पगारी नोकरी लवकर धरलेली बरी.

आजार उलटण्याचं नेहमीचं कारण म्हणजे बरं वाटतंय म्हणून औषध अचानक सोडणं. कमी करायचंच असेल तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली, टप्प्याटप्प्याने, काही महिन्यांत. झोप मोडायला लागली, संशय डोकावला, की त्याच आठवड्यात डॉक्टरांना गाठा.

शरीराकडे हमखास दुर्लक्ष होतं. वजन, कंबरेचा घेर, रक्तदाब, उपाशीपोटी साखर, कोलेस्टेरॉल हे सुरुवातीला, ३ महिन्यांनी आणि नंतर दरवर्षी तपासा. सिगारेट जरूर सोडा, पण क्लोझापिन किंवा ओलान्झापिन हे सायकोसिसवरचं औषध चालू असेल तर आधी डॉक्टरांना सांगा: धुरामुळे यकृत ही औषधं लवकर संपवतं, धूर थांबला की त्याच डोसला रक्तातली पातळी चढते आणि गुंगी वाढते.