लिस्बनच्या साध्या भिंतींसाठी एक सकाळ

प्रश्न : आम्ही पती-पत्नी यंदा चार दिवस लिस्बनला जाणार आहोत. बेलेमचा बुरूज आणि जेरोनिमोस मठ पाहायचे ठरलेच आहे. परंतु मध्यभागातील बाइशा वस्तीच्या इमारती छायाचित्रांत अगदी साध्या आणि एकसारख्या दिसतात. जुन्या वास्तुकलेसाठी तेथे वेळ द्यावा का? – एक वाचक, पुणे

उत्तर : अवश्य द्यावा, आणि माझे ऐकाल तर एक संपूर्ण सकाळ द्यावी. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या दिवशी, सकाळच्या प्रार्थनेसाठी चर्च भरलेली असताना लिस्बनला भूकंपाचा तडाखा बसला. पाठोपाठ समुद्राच्या लाटा आल्या आणि कित्येक दिवस आग धुमसत राहिली. सुरुवात कार्मो मठापासून करावी. त्याच्या चर्चचे छप्पर तेव्हा कोसळले, ते पुन्हा पुरे घातले गेले नाही, त्यामुळे टोकदार कमानी आजही उघड्या आकाशाखाली उभ्या आहेत.

तेथून उतरून बाइशात आलात की रस्ते एकदम सरळ आणि काटकोनात छेदणारे होतात. पुढे ‘पोंबालचे मार्केस’ या सरदारकीच्या किताबाने ओळखले गेलेले मंत्री कार्व्हाल्यो यांच्या कारकिर्दीत, पंचाहत्तरी ओलांडलेले अभियंते मानुएल दा माया यांच्या देखरेखीखाली, ही वस्ती नव्याने आखली गेली. तुम्हाला खटकलेला एकसारखेपणा हेतुपुरस्सर आहे, कारण ठरावीक मापांमुळे काम झपाट्याने उरकता येत होते. खरे कौशल्य मात्र गिलाव्याआड आहे. भिंतींच्या आत उभ्या-आडव्या आणि फुलीसारख्या तिरप्या लाकडांची चौकट असून तिच्या मोकळ्या जागा दगड-विटांनी भरलेल्या आहेत. भूकंपात घर हलले तरी कोसळू नये, यासाठी योजलेल्या या चौकटीला पोर्तुगीज भाषेत ‘गायोला’, म्हणजे पिंजरा, म्हणतात. तिच्या नमुन्याभोवती सैनिकांना पाय आपटत चालायला लावून तिची परीक्षा घेतली गेली, असे सांगतात. भूकंपाला तोंड देण्यासाठी एवढ्या मोठ्या प्रमाणावर, विचारपूर्वक बांधलेली ही युरोपातील अगदी सुरुवातीची वस्ती असल्याने मला ती बेलेमइतकीच मोलाची वाटते.

पिंजरा बाहेरून दिसत नाही, पण पाया पाहता येतो; त्यासाठी कोर्रेइरोस रस्त्यावरील एका बँकेच्या इमारतीखालचे उत्खनन आधी चौकशी करून पाहावे. पायासाठी ओल्या जमिनीत ठोकलेले लाकडी खुंट आणि त्यांच्याही आधीचे रोमन अवशेष तेथे एकत्र दिसतात.

दुपारी अल्फामा या जुन्या वस्तीत जावे. भूकंपातून बऱ्याच अंशी वाचलेल्या तिथल्या वाकड्या, चढउताराच्या गल्ल्या सकाळच्या सरळ रस्त्यांनंतर पाहिल्या, म्हणजे १७५५ पूर्वीचे लिस्बन कसे असेल याची कल्पना येते.