पहिल्या महायुद्धात अमेरिकन नेव्हीने लोकांच्या खासगी मोटरबोटी खरंच गस्तीला वापरल्या होत्या का?

हो, आणि एकदोन नाही, शेकड्यांनी! एप्रिल 1917 ला अमेरिका युद्धात उतरली तेव्हा बंदरांजवळ गस्त घालायला नेव्हीकडे पुरेशा छोट्या बोटी नव्हत्या, मग श्रीमंत लोकांच्या मौजमजेच्या मोटरबोटी, यॉट, मासेमारीच्या बोटी असं जे मिळेल ते विकत किंवा भाड्याने घेतलं, काही मालकांनी तर नुसतं नावाला 1 डॉलर भाडं लावलं. काही ठिकाणी मालकच नेव्हल रिझर्व्हमध्ये (नेव्हीचं राखीव दल) भरती होऊन आपल्याच बोटीचा कॅप्टन झाला, म्हणजे बोटीसोबत ड्रायव्हरपण फ्री 😄

अशा बोटीवर एसपी आणि पुढे नंबर रंगवायचे (एसपी म्हणजे सेक्शन पॅट्रोल, म्हणजे विभागवार गस्त), पुढच्या डेकवर छोटी 1 पाउंडर (साधारण एक पौंडाचा गोळा डागणारी) तोफ नाहीतर मशीनगन बसवायची, की झाली युद्धनौका. आता यांनी पाणबुड्या बुडवल्या वगैरे समजू नका, रोजचं काम म्हणजे बंदराच्या तोंडाशी पाणबुड्या अडवायला लावलेल्या जाळ्यांवर पहारा, येणारी जहाजं तपासणं, निरोप पोचवणं. 1918 च्या उन्हाळ्यात जर्मन पाणबुड्या खरंच अमेरिकेच्या किनाऱ्यापर्यंत आल्या, पण खोल समुद्रात त्यांच्यामागे जायची या लाकडी बोटींची ताकदच नव्हती. युद्ध संपल्यावर बऱ्याचशा बोटी मालकांना परत केल्या.