‘अश्व’ आणि ‘घोडा’ यांचे नाते

प्रश्न : संस्कृत ‘अश्व’ आणि लॅटिन ‘एक्वुस’ हे शब्द एकाच मुळाचे आहेत, असे वाचले. उच्चार इतके वेगळे असताना हे कसे ठरवतात? आणि आपल्या ‘घोडा’ शब्दाचा त्यांच्याशी काही संबंध आहे का?

उत्तर : शब्दांचे नाते वरवरच्या साम्यावरून नव्हे, तर ध्वनिबदलांच्या नियमितपणावरून ठरते. संस्कृत ‘शत’ आणि ‘दश’ यांना लॅटिनमध्ये ‘केन्तुम’ आणि ‘देकेम’ हे शब्द आहेत. म्हणजे आपल्याकडच्या ‘श’च्या जागी तिकडे ‘क’ येतो, आणि मूळचे ‘ए’ व ‘ओ’ हे स्वर संस्कृतात ‘अ’ झाले आहेत. हे दोन नियम लावले की ‘अश्व’ आणि ‘एक्वुस’ एकमेकांसमोर अचूक बसतात. पारशी धर्मग्रंथ अवेस्ता याच्या प्राचीन इराणी भाषेत संस्कृत ‘श्व’चा ‘स्प’ होतो, म्हणून ‘विश्व’चे ‘विस्प’ आणि ‘अश्व’चे ‘अस्प’. पारशी समाजातील जामास्प या नावात तो आजही ऐकू येतो. पार पश्चिम चीनमधील तारीमच्या खोऱ्यातील, आता लुप्त झालेल्या तोखारी भाषेतही ‘यक्वे’ आहे. ग्रीक ‘हिप्पोस’ मात्र थोडा अडतो. ग्रीसच्या प्राचीन मायसिनी काळच्या मातीच्या पाट्यांवर ‘इ-क्वो’ असे लिहिलेले सापडल्याने त्याचे मूळ निश्चित झाले, तरी आरंभीच्या ‘हि’चा सर्वमान्य उलगडा अजून झालेला नाही.

‘घोडा’ या घराण्यातला नाही. ऋग्वेदात न आढळणाऱ्या ‘घोटक’ या शब्दापासून प्राकृतातून तो मराठीत आला, आणि ‘घोटक’ स्वतः द्राविडी किंवा अन्य परक्या भाषेतून घेतलेला असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. असे केवळ आपल्याकडेच घडले नाही. लॅटिनमध्येही ‘काबाल्लुस’ने ‘एक्वुस’ला मागे सारले आणि त्यातूनच फ्रेंच ‘शव्हाल’ व स्पॅनिश ‘काबायो’ आले. जुना शब्द स्पॅनिशमध्ये उरला तो फक्त घोडीसाठी, ‘येग्वा’ या रूपात.

मराठीत ‘अश्व’ आज ग्रांथिक वाटतो, पण त्याचा एक भाऊबंद आपल्या रोजच्या बोलण्यात आहे, आणि मला तो या साऱ्या इतिहासातला सर्वांत मोलाचा दुवा वाटतो. प्राचीन फारसीत ‘अस’ म्हणजे घोडा आणि ‘असबार’ म्हणजे घोडा ज्याला वाहून नेतो तो. त्याचेच पुढे ‘सवार’ झाले आणि मराठीत ‘स्वार’. म्हणजे ‘घोडेस्वार’ या शब्दात घोडा दोनदा आहे. फारसीतच ‘सवार’मधला घोडा विस्मृतीत गेला होता आणि त्याचा अर्थ केवळ वाहनावर बसणारा एवढाच उरला होता, म्हणून उंटावरून निरोप नेणारा जासूद मराठीत निःशंकपणे ‘सांडणीस्वार’ होऊ शकला.