पुणे शहर, उपनगरं आणि आसपासचे तालुके यांचा राजकीय कल वेगळा असतो का?

हो, बराच वेगळा. बारामती लोकसभेचे निकाल पाहा. २०२४ मध्ये शरद पवारांच्या पक्षाच्या सुप्रिया सुळे जिंकल्या, पण धायरी-वारजे ज्यात येतात त्या खडकवासला विधानसभा क्षेत्रात भाजपसोबतच्या अजित पवार गटाच्या सुनेत्रा पवार पुढे होत्या; २०१९ लाही तिथे भाजपच्या कांचन कुल यांनाच आघाडी होती. गावाकडे साखर कारखाना, पीककर्ज देणारी सोसायटी, जिल्हा बँक यांतून शरद पवारांशी जुनं नातं आहे. सिंहगड रोडला फ्लॅट घेतलेल्याला उसाच्या दराचं काय पडलंय? त्याला टँकर आणि ट्रॅफिक दिसतं. पिंपरी-चिंचवड महापालिकाही २०१७ ला राष्ट्रवादीकडून भाजपकडे गेली. मात्र शहर म्हणजे भाजपच, असं धरून चालू नका: २०२३ च्या कसबा पोटनिवडणुकीत, ऐन पेठांमध्ये, काँग्रेसचे रवींद्र धंगेकर निवडून आले होते.